सोल किती ताठ? घरी केलेल्या कार्बन पट्ट्यांच्या नोंदी

४ जानेवारी

काम सुरू. एकाच मॉडेलच्या रोजच्या धावण्याच्या बुटांच्या दोन जोड्या आहेत, दोन्ही साधारण सारख्या झिजलेल्या. एका जोडीत कार्बन फायबरची पट्टी घालून सोल ताठ करायचा, दुसरी तशीच ठेवायची आणि धावण्यात काय बदलतं ते मोजायचं. मी १० किमी ४६ मिनिटांत धावणारा माणूस, त्यामुळे शर्यत जिंकायचा प्रश्नच येत नाही. प्लेटवाल्या बुटांचं (म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ प्लेट घातलेल्या शर्यतीच्या बुटांचं) जे कौतुक चालतं त्यातलं प्लेटचं किती आणि बाकीच्या गोष्टींचं किती, एवढंच कुतूहल.

कल्पना जुनीच आहे. डॅरेन स्टेफनिशिन आणि बेन्नो निग या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की धावताना बोटांच्या मुळाशी असलेला सांधा वाकताना ऊर्जा खातो आणि उलगडताना जवळजवळ काहीच परत देत नाही. मग तो वाकूच दिला नाही तर? २००६ मध्ये रॉय आणि स्टेफनिशिन यांनी तीन ताठपणांचे बूट तपासले. मधल्या बुटात ऑक्सिजनचा खर्च सुमारे १ टक्का कमी झाला, सगळ्यात ताठ बुटात मात्र तसा फायदा दिसला नाही. मला हे ‘मधलं’ शोधायचंय. ऑक्सिजन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. छातीचा हार्ट रेट पट्टा, सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घेणारा फोन आणि धाकटा भाऊ, एवढंच भांडवल.

७ जानेवारी

आधी मोजायचं साधन. लाकडी चौकटीत दोन स्टीलच्या सळ्या ८० मिमी अंतरावर बसवल्या. बूट आडवा असा ठेवायचा की चवड्याची रेघ, म्हणजे जिथे बूट वाकतो ती जागा, दोन सळ्यांच्या बरोबर मध्ये यावी. तिथे पट्टा टाकून खाली बादली टांगायची, बादलीत वजन टाकायचं आणि बूट किती खाली वाकला ते बघायचं.

पहिल्या दिवसाचे आकडे सगळे फुकट. मी वाकणं वरून मोजत होतो. ३ किलोला ९ मिमी आलं. पुन्हा मोजलं तर ९.८, मग १०.३. बूट थकल्यासारखा प्रत्येक वेळी जास्तच वाकतोय. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की पट्टा फोममध्ये रुततोय, म्हणजे मी वाकण्यात दबणंही मोजतोय. शिवाय फोम वजनाखाली हळूहळू बसत राहतो.

८ जानेवारी

डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) खालून लावलं, थेट आउटसोलला, म्हणजे सोलच्या तळाला टेकवून. वजन टाकल्यावर बरोबर १० सेकंदांनी आकडा घ्यायचा आणि दोन मापांमध्ये पाच मिनिटं बूट मोकळा ठेवायचा. आता ३ किलोला ५.५ मिमी, आणि पुन्हा पुन्हा तेच. हिशोब ५.३ न्यूटन प्रति मिमी. (१ न्यूटन म्हणजे ढोबळ १०० ग्रॅमचं वजन. तेव्हा माझा बूट १ मिमी वाकवायला अर्धा किलो लागतो असं समजा.) हा झाला साध्या बुटाचा आकडा.

एक इशारा: थंड खोलीत फोम कडक होतो. सकाळचं माप आणि दुपारचं माप शेजारी ठेवू नका.

१३ जानेवारी

१ मिमी जाडीचा, विणलेल्या कापडाचा तयार कार्बन पत्रा आणला. बुटाच्या आतली गादी काढून तिचा आकार पत्र्यावर उतरवला. पत्रा महाग, म्हणून चार तुकडे बसावेत असे आकार तिरके मांडले. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. ती कशी अंगाशी आली ते पुढे.

कापायला आधी पत्रा कापायची कात्री घेतली. कड चिरत गेली, धागे बाहेर आले. मग बारीक दातांची हॅकसॉ आणि कडेला ओला पॉलिश पेपर. पाणी मारतच घासा, तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे. हे सगळं केलं, पण बाह्या वर केल्या होत्या. रात्रभर मनगटं खाजत होती. कार्बनचे सूक्ष्म काटे दिसत नाहीत आणि धुऊनही जात नाहीत. चिकटपट्टी लावून ओढल्यावर बरेचसे निघाले. ही धूळ वीजवाहक असते, तेव्हा ग्राइंडर वापरणार असाल तर तो मोटारीसकट मरू शकतो हेही लक्षात असू द्या.

१५ जानेवारी

पट्टी बुटात घातली, चौकटीवर ठेवली. अपेक्षा होती ३५ च्या आसपास, आलं १४. साधन बिघडलं समजून सळ्यांचं अंतर तपासलं, गेज तपासलं. दोन संध्याकाळी यात गेल्या.

उरलेल्या पत्र्यातून २० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक विणीच्या रेषेत आणि एक तिरकी. नुसत्या त्याच चौकटीवर ठेवल्या. सरळ पट्टी तिरकीपेक्षा तिपटीहून जास्त ताठ! धागे जर वाकण्याच्या दिशेने धावत नसतील तर भार त्यांना धरून ठेवणाऱ्या राळेवर (इपॉक्सीवर) येतो आणि राळ काही कार्बन नव्हे. पत्रा वाचवायला मी चारही तुकडे ४५ अंशांत कापले होते, म्हणजे महागाच्या मालाची स्वस्तातली पट्टी करून ठेवली होती. पत्र्याची किंमत साधारण निम्म्या बूटजोडीएवढी, ती गेली.

२१ जानेवारी

यावेळी ०.५ मिमीचा पत्रा. सरळ कापला. मनात साधा हिशोब: १ मिमीची सरळ पट्टी ३० देते, तर अर्ध्या जाडीची १५ देईल. बुटासकट २० होईल, मधला ताठपणा मिळाला, काम झालं.

बुटासकट ९ आलं. म्हणजे पट्टीचे जेमतेम ४.

या वेळी साधनावर शंका घेतली नाही, स्वतःवर घेतली. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनात बदलतो, हे कधीतरी शिकलो होतो आणि परीक्षेबरोबर विसरलो होतो. जाडी अर्धी म्हणजे ताठपणा एक अष्टमांश. हे ज्याला आधीच माहीत आहे तो हसेल. ज्याला नाही त्याने ही ओळ कपाटाच्या दारावर लिहून ठेवावी. ०.१ मिमीचा फरकही इथे थोडा नसतो.

२३ जानेवारी

याच घोटाळ्याचा फायदा करून घेतला. अर्ध्या मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक नुसत्या ठेवल्या: बुटासकट १३. त्याच मापाच्या दुसऱ्या दोन पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या: बुटासकट ३५. माल तेवढाच, वजन जवळपास तेवढंच (३१ ग्रॅम, चिकटवलेली १ ग्रॅमने जास्त), जाडी तेवढीच. फरक एवढाच की सुट्या पट्ट्या एकमेकींवरून घसरतात आणि चिकटवलेल्यांना घसरता येत नाही. प्रयोगासाठी याहून चांगली जोडी मागूनही मिळाली नसती.

सुट्या पट्ट्या चालताना कुरकुरतात. मध्ये पातळ टेफ्लॉन टेप घातली, आवाज गेला, माप बदललं नाही.

तिसरं हवं होतं ‘काहीच नसलेलं’, पण तेवढ्याच वजनाचं. बुटावर १०० ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्का वाढतो, हे बऱ्याच वेळा मोजलं गेलंय. म्हणजे ३१ ग्रॅमचा सुमारे ०.३ टक्के. मी ज्या फरकाच्या मागे आहे तोच जिथे १ टक्क्याचा, तिथे हे सोडून चालणार नाही. पातळ रबर त्याच आकारात कापलं, जाडीही तीच ठेवली म्हणजे पाय तेवढाच उंच बसेल, आणि थोडं कमी भरलेलं वजन टाचेखाली चिकटवलं. आता तीन बूट: साधा ५.३, मधला १३, ताठ ३५.

१ फेब्रुवारी

पहिली धाव. ट्रॅकची पहिली लेन, ४०० मीटरला २ मिनिटं, म्हणजे किमीला ५:००. प्रत्येक बुटात १६०० मीटर, मध्ये चार मिनिटं विश्रांती आणि पट्टी बदलणं. साधा, मधला, ताठ या क्रमाने शेवटच्या फेरीतला सरासरी हार्ट रेट: १५२, १५५, १५८.

घरी येताना निष्कर्षही तयार होता की ताठपणा महागात पडतो. भावाने विचारलं, “दादा, उलट्या क्रमाने धावला असतास तर?”

५ फेब्रुवारी

उलट्या क्रमाने धावलो. ताठ १५१, मधला १५४, साधा १५७. झालं. हा बुटांचा नाही, माझा आकडा होता: धावत राहिलं की त्याच वेगाला हार्ट रेट वर सरकतो. १ फेब्रुवारीची सकाळ खोडली.

यापुढे आरसापद्धत: एकाच सत्रात साधा, मधला, ताठ, ताठ, मधला, साधा. दोन्ही वेळांची सरासरी घेतली की सरकण्याचा भाग बराचसा कटतो. आणि पहिल्या बुटाआधी १५ मिनिटं वॉर्मअप, त्यात कंजुषी नाही.

२२ फेब्रुवारी

अशी चार सत्रं पूर्ण. सरासरी: साधा १५४, मधला १५४, ताठ १५५. एकाच बुटात एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत २-३ ठोक्यांचा फरक पडतो. १५४ चा १ टक्का म्हणजे दीड ठोका. थोडक्यात, जे शोधतोय ते माझ्या मोजपट्टीच्या खडबडीतपणातच हरवून जाणार. चार आठवडे घालवल्यावर हे कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कागदावर हा हिशोब केला असता तर बरं झालं असतं. हार्ट रेटवरून “या बुटात मला ३ टक्के फायदा झाला” असं सांगणाऱ्या कोणाचंही मला आता कौतुक वाटत नाही.

तेव्हा खर्च मोजण्याचा नाद सोडला. पाय काय करतो ते मोजायचं. ते कॅमेऱ्यात दिसतं.

१ मार्च

बुटाच्या बाजूला तीन पांढरे ठिपके: टाच, चवडा, बोटांचं टोक. फोन जमिनीलगत, ट्रॅकला काटकोनात, तीन मीटरवर. २४० फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४.२ मिलिसेकंद. पाय जमिनीवर असण्याचा काळ सुमारे ६० फ्रेम. टेकणं आणि उचलणं दोन्हीकडे एकेक फ्रेमची चूक धरली तर एका पावलावरून काहीच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक बुटाची वीस पावलं. मोजायला कॅमेऱ्यासमोरून एकशे वीस वेळा पळालो आणि नंतर फ्रेम मोजत तीन रात्री बसलो. मजा नाही त्यात काही.

५:०० च्या वेगाला जमिनीवरचा काळ: साधा २४८ मिलिसेकंद, मधला २५०, ताठ २५७. पहिल्या दोहोंतला फरक काहीच नाही असं धरतो. ताठ मात्र दोन वेगवेगळ्या दिवशी तसाच आला.

चवड्याचं वाकणं: साधा ३१ अंश, मधला २६, ताठ १९.

४ मार्च

१९ अंश बघून खूश झालो होतो, पण तो बुटाचा आकडा. आत पाय काय करतोय कुणास ठाऊक. जुनी जोडी आहेच म्हणून उजव्या बुटाच्या बाजूला कापड कापून दोन खिडक्या केल्या आणि ठिपके थेट कातडीवर लावले. ताठ पट्टीवर बूट १९ अंश वाकतो आणि पाय २४! म्हणजे पट्टी वाकायला नकार देते तेव्हा पाय बुटातच टाच उचलतो. टाचेला मोज्याला भोक का पडत होतं त्याचंही उत्तर मिळालं.

लेस सगळ्यात वरच्या जादा भोकातून घालून टाच आवळली: पायाचं वाकणं २१ वर आलं. ज्यांना ताठ बूट “टाचेत सैल” वाटतात त्यांनी नंबर बदलण्याआधी हे करून बघावं.

१९ मार्च

धडा महागातला. “पायाला सवय झाल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही” असं म्हणून ६ तारखेपासून सगळं धावणं ताठ पट्टीतच केलं, सावकाश धावणंसुद्धा. पाचव्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या. आठव्या दिवशी पायाच्या वरच्या बाजूला मध्यभागी बोट ठेवलं की दुखायला लागलं. तरी दोन दिवस धावलो, कारण नोंद अर्धवट राहील! डॉक्टरांकडे गेलो, हाडाला काही नव्हतं, पण धावणं बंद. एकूण ११ दिवस.

‘स्पोर्ट्‌स मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली कार्बन प्लेटच्या बुटांत धावणाऱ्या पाच जणांची नोंद आहे, पायाच्या मध्यातल्या नेव्हिक्युलर हाडाला ताणामुळे इजा झालेल्या. पाच जणांवरून कारण सिद्ध होत नाही हे खरं. पण मला नेमकं त्याच भागात दुखत होतं, आणि ते लेख वाचण्याआधी दुखत होतं.

२६ मार्च

बसल्या बसल्या पोटरीचा विचार. ताठ सोलवर शरीराचा भार बोटांच्या टोकाकडे लवकर सरकतो. घोट्यापासून ती जागा जितकी पुढे, तितकी पोटरीला जास्त ओढ. लांब दांड्याचा पाना असतो ना, त्याचं उलटं: इथे दांडा जमिनीने धरलाय आणि नट आपण आहोत. विल्वाखर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे गिअरच्या भाषेत मांडलंय. काही धावपटू अशा बुटात घोट्याचा जोर वाढवतात, काही तोच जोर जास्त वेळ लावत राहतात. माझा जमिनीवरचा काळ ९ मिलिसेकंदांनी वाढला होता, म्हणजे मी दुसऱ्या गटातला. वर पोटरीही दुखलीच, तेव्हा पहिल्या गटाची वर्गणीही भरली म्हणायची.

यातून एक गोष्ट मला पटली. बोटांच्या सांध्यातली बचत फुकट नसते, बिल घोट्याकडे जातं. ते बिल कोणाच्या पोटरीला परवडतं आणि कोणत्या वेगाला, यावर सगळं अवलंबून. एकच आकडा सगळ्यांसाठी शोधणं हेच चुकीचं होतं.

६ एप्रिल

पुन्हा ट्रॅकवर, आठवड्यातून एकदाच पट्टी. यावेळी तीन वेग: किमीला ६:००, ५:०० आणि ४:१५. सावकाश वेगाला ताठ पट्टी म्हणजे पायाला फळी बांधल्यासारखं, पाय थपथप आपटतो. ४:१५ ला तोच बूट एकदम शहाण्यासारखा वागतो: जमिनीवरच्या काळातला फरक ९ वरून ४ मिलिसेकंदांवर आला. मधली पट्टी ६:०० ला जाणवत नाही आणि ४:१५ ला चांगली वाटते. “वाटते” हाच शब्द ठेवतो.

१२ एप्रिल

वाटण्याचीच परीक्षा घेतली. भावाने माझ्याकडे पाठ करून पट्ट्या घातल्या, मी डोळे मिटून बूट चढवले, ४०० मीटर धावलो आणि ओळखायचं. ताठ प्रत्येक वेळी ओळखला, त्याला डोळे लागत नाहीत. साधा की मधला हे आठपैकी पाच वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी चार आले असते.

मग रोज बरोबर धावणाऱ्या मित्राला बसवलं, बुटाचा नंबर एकच आहे. त्याला एवढंच सांगितलं की यातल्या दोन जोड्यांत कार्बन आहे. एका जोडीवर तो फारच खूश झाला. “अरे, ही बघ! ही ढकलते पुढे.” ती रबराची होती. वीस मिनिटं सांगायची हिंमत झाली नाही.

१९ एप्रिल

थपथप आवाजाचं मूळ सापडलं. बुटाचा पुढचा भाग वर वळलेला असतो, माझी पट्टी सपाट. ती बुटाला सपाट करायला बघते, म्हणून चवडा गडगडत पुढे जायच्या ऐवजी आपटतो. उपाय सोपा वाटला: हीट गनने पट्टी तापवून वाकवायची. दोन मिनिटांत वास, मग फोड, मग थर सुटले. घट्ट झालेली इपॉक्सी तापवल्यावर मऊ पडते थोडी, पण प्लॅस्टिकसारखी नव्या आकारात बसत नाही. अजून एक पट्टी कचऱ्यात.

३ मे

वळणदार पट्टी मुळापासून बनवली. ॲल्युमिनियमचा पत्रा बुटाच्या वळणाप्रमाणे वाकवून साचा केला, त्यावर कार्बनचं कापड आणि इपॉक्सी, थरावर थर, विणीची दिशा सरळ (आता विसरणार नाही). पहिल्या प्रयत्नात साच्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म ओढली, तिच्या सुरकुत्या पट्टीवर उमटल्या. दुसऱ्या वेळी मेण लावलं, पण एकच हात. पट्टी साच्याला अशी चिकटली की दोन्ही एकत्र फेकावी लागली. तिसऱ्या वेळी मेणाचे पाच हात, प्रत्येक हात वाळू देऊन. वर सच्छिद्र कापड, त्यावर फोम आणि विटा. चोवीस तासांनी पट्टी टकटक करत सुटली. हाताने केलेली, त्यामुळे जाडी ०.९ ते १.१ मिमी अशी खालीवर. घनाचा नियम आठवला की डाव्या-उजव्या बुटात किती फरक पडू शकतो ते कळेल. डावा ३१, उजवा ३८. डाव्याला अजून एक अर्धा थर चढवून ३६ पर्यंत आणलं.

खर्च: वाया गेलेला माल, राळ, मेण सगळं धरून आतापर्यंत चांगल्या बुटांच्या दीड जोडीएवढा. हत्यारं वेगळी.

११ मे

वळणदार ताठ पट्टी धावायला सपाट मधल्या पट्टीपेक्षाही सौम्य. आवाज गेला. जमिनीवरचा काळ ५:०० ला २५१. ताठपणा जुन्या ताठ पट्टीएवढाच, वागणूक मात्र साध्या बुटाच्या जवळ! ताठपणाचा आकडा आणि पट्टीचा आकार वेगवेगळे धरायला हवेत, हे मी जानेवारीत ऐकलं असतं तरी मानलं नसतं.

२५ मे

आता मुद्दाम बिघडवायचं. २०२२ मध्ये हीली आणि होगकामर यांनी नायकी व्हेपरफ्लाय या शर्यतीच्या बुटातल्या कार्बन प्लेटला सहा आडवे काप दिले होते. बूट वाकायला खूप सोपा झाला, पण १५ धावपटूंच्या ऊर्जाखर्चात ठोस फरक सापडला नाही. हाच तो बूट ज्याच्या आधीच्या नमुन्यात १८ धावपटूंना सरासरी ४ टक्के बचत दिसली होती. त्याचा फोम दाबून सोडल्यावर सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत देत होता. माझ्या बुटात साधा ईव्हीए फोम (रोजच्या बुटांत असतो तो) आहे, त्यात कितीही कार्बन घातला तरी तो दुसरा बूट होत नाही. इथवर येऊन मला सुरुवातीच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळालं.

तरी माझ्या पट्टीला चवड्याच्या रेघेवर चार काप दिले. ३६ वरून ११. ट्रॅकवर जमिनीवरचा काळ २४९, वाकणं २७ अंश, हार्ट रेट नेहमीच्याच गोंगाटात. काप दिलेली पट्टी सावकाश धावायला सगळ्यात आवडली, म्हणजे ज्या पट्टीचं काम मी नष्ट केलं ती.

(जाता जाता: वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेचा २०२० पासूनचा नियम रस्त्यावरच्या शर्यतीसाठी ४० मिमीपर्यंत सोल आणि एकच ताठ प्लेट एवढंच चालू देतो. प्लेटचे तुकडे असले तर ते एकापुढे एक असावेत, एकावर एक नकोत. माझी दोन सुट्या पट्ट्यांची ‘मधली’ जोडी तिथे बाद. मला कोणी अडवायला येणार नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी जोरात पळणारा असेल तर त्याच्यासाठी.)

२० जून

रोजचं धावणं साध्या बुटात. आठवड्यातल्या एका टेम्पो रनला (सलग जोरात धावण्याला) वळणदार पट्टीची दुसरी जोडी, ताठपणा २० च्या आसपास, एक थर कमी करून बनवलेली. पोटरी गप्प आहे.

८ जुलै

डाव्या बुटातून टक्‌ असा आवाज, प्रत्येक पावलाला. बाहेर काढून बघितलं तर पट्टीला चीर, बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंत. एकूण १४० किमी धावली होती. चीर सुरू कुठून झाली? पट्टी सरकू नये म्हणून मी कडेला ३ मिमीचं एक भोक पाडून ती गादीला शिवली होती, बरोबर तिथून. उजव्या पट्टीलाही भोक आहेच, भिंगाखाली पाहिलं तर तिथेही केसाएवढी रेघ सुरू झालीय.

दोन्ही काढल्या. साच्यावर मेण लावून ठेवलंय. नव्या जोडीत भोक नाही, जागेवर धरायला दुतर्फी टेप, आणि कडा घासून गोल.